पायदळाचा धीर

आर्मेनिया नावाच्या देशाची फौज दोन हजार वर्षांपूर्वी हरली, याचं मनापासून दुःख झालेला माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचा. माझ्या बहिणीचे ते थोरले दीर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. गिरणीत कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचं काम, गाव मालवणाकडचं, इंग्रजी रात्रशाळेतलं. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांना वहिनीला विचारावी लागे. पण आर्मेनियाच्या राजाकडे तिरंदाज किती तऱ्हेचे होते एवढं कुणी विचारायचा अवकाश, की ताटातला भात निवलाच म्हणून समजावं.

झालं असं की गिरणीतले एक साहेब परदेशात मुलाकडे राहायला निघाले आणि जाताना त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला पंखा मिळाला, कुणाला खुर्ची. दादांच्या वाट्याला आला विलायती युद्धखेळाचा खोका. त्यात नकाशा, फासे, पुठ्ठ्याच्या फौजा आणि नियमांचं पुस्तक. रोमन लोकांना त्यात बारा पानं. आर्मेनियाला शेवटचं अर्धं. दादांनी त्याच दिवशी ते अर्धं पान दत्तक घेतलं. "एका बाजूला रोम, दुसऱ्या बाजूला इराण, मधे हे," ते मला सांगायचे. "आपल्यासारखंच रे. इकडे डोंगर, तिकडे खाडी. जाणार कुठे?"

पुठ्ठ्याचे आर्मेनियन त्यांना मान्य नव्हते. ते शाडूच्या मातीचे घोडे करायचे. त्या देशाचे घोडे आणि स्वार दोघंही लोखंडी खवल्यांचं चिलखत घालत, असं पुस्तकात लिहिलं होतं. म्हणून दादा रविवारी रावसाचे खवले धुऊन, वाळवून, एकेक करून घोड्यांना चिकटवत. घोडे उन्हात असे चमकायचे की बघत राहावं, आणि वास असा यायचा की बघता येऊ नये. एकदा चाळीतल्या मांजरीनं डाव्या बगलेचं सगळं घोडदळ पळवलं. दादा दोन दिवस जेवले नाहीत. "घोडे कसले, सुकी मासळीच ती," वहिनी म्हणाली. "माका त्या खेळातला काय कळणा नाय, पण मांजराक कळला."

दर रविवारी दुपारी मी रोमन घेऊन बसायचो. खेळात प्रत्येक तुकडीला 'धीर' म्हणून एक आकडा असे. फाशावर त्याहून मोठा आकडा पडला की तुकडी पळायची. माझ्या रोमनांचा धीर पाच, दादांच्या घोडदळाचाही पाच. पण आर्मेनियाच्या पायदळाचा फक्त दोन. तेवढ्यावर दादा दर रविवारी हरायचे. शेवटी त्यांनी पुस्तकावरच्या पत्त्यावर, विलायतेला, पायदळाचाही धीर पाच हवा अशी आठ पानी तक्रार पाठवली. चार महिन्यांनी खरोखर उत्तर आलं! खेळणाऱ्या दोघांची संमती असेल तर नियम खुशाल बदलावा, असं त्यात लिहिलं होतं. दादांनी ते चाळभर दाखवलं आणि मग माझ्यापुढे धरलं. मी तेव्हा नुकता बँकेत लागलो होतो आणि मला जिंकायची चटक होती. "नियम म्हणजे नियम, दादा," मी म्हणालो.

मग गिरण्यांचा संप आला. पहिले काही महिने दादा उत्साहात होते. नंतर चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून गावाला गेली. वहिनी घरी पापड लाटू लागली. रावस घरात येईनासा झाला, तशी नवे घोडेही होईनात. पलीकडच्या खोलीतला एक कामगार गुपचूप कामावर गेला, तेव्हा चाळीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. दादा स्वतः शेवटपर्यंत परत गेले नाहीत, पण त्या संध्याकाळी ते त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आले. चाळ त्यांच्यावरही रागावली.

त्या रविवारी पट मांडताना ते मला म्हणाले, "माणूस भितो म्हणून पळत नाही रे. घरी चूल पेटली असेल का, म्हणून मागे वळून बघतो. या पुस्तकवाल्यांना त्याची पाठ तेवढी दिसली." मग जरा थांबून म्हणाले, "पाच नको. तीन तरी धर."

मी हसलो आणि फासा टाकला. चार पडले. त्यांचं पायदळ पळालं. दादांनी एकेक शिपाई उचलून, पुसून खोक्यात ठेवला.

पुढे त्यांना मुलुंडला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली आणि रविवार गेले. खाकी कपड्यात ते फार लहान दिसायचे. दोन वर्षांनी काविळीनं गेले.

तेराव्यानंतर मी वहिनीला भेटायला गेलो. तिनं पापडाचं पोळपाट बाजूला सारला, खोका काढला आणि पट मांडला. एकही चूक नाही; डोंगर, नदी, सगळं जागच्या जागी. "घोडे पुढे काढू नका, म्हणान किती वर्सां सांगी होतंय तेंका," ती म्हणाली. "आयकले नाय. बस."

मी रोमनांच्या बाजूला बसलो. म्हटलं, "वहिनी, पायदळाचा धीर पाच धरूया."

तिनं खोक्यातून फासा काढला. आवाजात राग नव्हता.

"ह्या तेंका सांगूक व्हया होता रे," ती म्हणाली, आणि फासा माझ्या हातात दिला.