गाळलेला हिसका

पुण्याहून गोंदियाला निघालेल्या गाडीत मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू सांभाळावं तसा. त्यात देवराम होता. आमच्या इथल्या गोल्फ मैदानावर तो कॅडी (खेळाडूंची पिशवी वाहणारा) होता आणि फटका मात्र साहेबलोकांपेक्षा सुरेख मारायचा. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्याच्या अंगावर चकाकते मणी चिकटवून, चहूबाजूंनी कॅमेरे लावून, मी त्याच्या फटक्याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं होतं. नुसते ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. दिवाळीच्या तोंडावर देवराम तापाने गेला. पुढे त्याच्या वडिलांचा फोन आला. "देवा सांगे, तुमच्या कंपूटरात तो हालते म्हणून. दाखवाल का, जी?"

गोंदिया स्टेशनबाहेर सगळी हिंदी. "बिरसी? प्लेन देखने जा रहे हो क्या, मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं. देवरामच्या या गावाजवळ विमान चालवायला शिकवतात. मी नुसती मान हलवली. खरं सांगायचा धीर झाला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेल्या बांध्या (भाताची शेतं) आणि तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग. वर एक इवलंसं विमान घरघरत पुन्हा पुन्हा तीच फेरी मारत होतं.

देवरामचे वडील, गोविंदाजी, ओसरीवर वाट पाहत उभे होते. मी लॅपटॉप काढू लागले तर म्हणाले, "आधी जेवा. पोरगा गेला, म्हणून पाहुणा उपाशी कायले जाईल?" नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण होतं. चव फार छान होती, तरी मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

जेवून बसलो आणि लाईन गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. निघताना एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये! दुपारभर म्हातारा त्या काळ्या पडद्यासमोरून हलला नाही. "काऊन नाही चालून राहिला?" एवढं एकदाच विचारलं.

चारच्या सुमारास लाईन आली. मी मॉडेल लावलं. रेघांच्या माणसाने काठी उचलली, वळला आणि लोण्यासारखा मऊ फटका मारला. गोविंदाजींनी डोळे पडद्याला भिडवले.

"हा आमचा देवा नाही होय."

"काका, यात चेहरा दिसत नाही..."

"तोंडाचं नाही म्हणत, बाई. त्याचा उजवा हात असा सरळ वर जातच नव्हता. मधातच अटके."

हात अडकायचाच. दर फटक्याला खांद्यापाशी एक बारीक हिसका यायचा. कॅमेऱ्यांची चूक समजून मी तो गाळून टाकला होता. तशी आमची पद्धतच आहे.

मूळ नोंद शोधून लावली. ठिपके थरथरत होते. हात वर गेला, अडकला, हिसका खाऊन पुढे गेला. म्हाताऱ्याने पडद्यावर तळवा ठेवला.

"हा. हा देवा."

मग हळूहळू बोलले. "दहा वर्साचा होता. बंडीवरून (बैलगाडीवरून) पडला. रोवणा (भाताची लावणी) चालू होता, जी. गोंदियाले नेलो नाही. गावातच एकाकडून खांदा बसवून घेतलो." इतकं साधं कारण, आणि आम्ही कॅमेरे पुसत बसलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

सात-आठ वेळा त्यांनी फटका पाहिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काठी मारताना त्याले दुखे का, बाई?"

कोन, वेग, सांध्यावरचा भार, सगळं माझ्याकडे होतं. देवराम खांद्याला जपून कमरेतून जोर काढायचा. त्याला आम्ही उपजत कौशल्य म्हणून लिहिलं होतं. माणूस असं खांद्याला कशासाठी जपतो, ते मला त्या ओसरीवर कळलं.

"नाही, काका. मजेत मारायचा."

त्यांनी मान हलवली. निघताना नव्या तांदळाचं गाठोडं हातात दिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतीच्या गाडीत लॅपटॉप चार्जिंगला लावून मी तो हिसका मॉडेलमध्ये परत घातला. आता आकृती खरी झाली आहे. पण जे बापाने पहिल्याच भेटीत विचारलं, ते दोन वर्षं रोज समोर चहा पिणाऱ्या देवरामला मी एकदाही विचारलं नव्हतं.