चौथं शिसं

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते हसायला, हे आधीच कबूल करते. आमचा कोथरूडचा गृहप्रवेश अमावास्येला झाला, कारण त्या दिवशी टेम्पोवाले रिकामे असतात. अशी मी. माझ्या बाबतीत काही 'घडेल' आणि ते मी इथे लिहायला बसेन... असो. घडलं. भर दुपारी, हडपसरच्या एका कारखान्यात. भूक लागली होती, पण चक्कर वगैरे नव्हती — कुणी विचारायच्या आत सांगून ठेवते.

माझं काम जरा वेगळं आहे. धातूला तडा जाताना बारीक आवाज होतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो आम्ही पकडतो. टाकीला बाहेरून सेन्सर चिकटवायचे, आतला दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि लॅपटॉपसमोर बसून राहायचं. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच काहीसं. फक्त इथे टिचकी मारायची नाही, टाकीच बोलते. याला अकूस्टिक एमिशन म्हणतात. आवाज कुठल्या सेन्सरला आधी पोचला आणि कुठल्याला नंतर, यावरून जागा कळते आणि स्क्रीनवर तिथे ठिपका उमटतो.

सेन्सर नीट चालतायत का हे तपासायची, म्हणजे कॅलिब्रेशनची, पद्धत मात्र अगदी शाळकरी आहे. शिसं घालायची पेन्सिल टाकीवर टेकवायची आणि शिसं कट्कन मोडायचं. तड्याचा नकली आवाज होतो. प्रत्येक सेन्सरजवळ तीन वेळा मोडायचं, असं प्रोसिजर सांगते.

मला हे काम शिकवलं करडे सरांनी. कसबा पेठेतले. मोजकं बोलायचे आणि जे बोलायचे ते टोचायचं. ते चार वेळा मोडायचे. तीन पटापट, मग फुंकर मारून तुकडे उडवायचे, आणि मग चौथं.

"सर, प्रोसिजरमध्ये तीनच आहेत," मी एकदा म्हटलं.

"तीन मशीनसाठी. चौथं टाकीसाठी. आपण आलोय हे तिला कळायला नको? तुम्ही लोकांकडे बेल न वाजवता जाता का?"

सर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे, अपमान करताना तर नक्कीच. मागच्या वर्षी ते गेले. त्यानंतर मी तीनच मोडायला लागले... वेळ वाचतो.

त्या दिवशी टाकी हवेची होती. आडवी, दोन लोखंडी बैठकांवर ठेवलेली. पाण्याची टाकी फुटली तर पाणी सांडतं. दाबाखालची हवा इतकी सज्जन नसते. म्हणून टाकीभोवती दोरी बांधतात आणि दाब असताना दोरीच्या आत कुणीही जायचं नाही. शेवटचा टप्पा चालू होता, स्क्रीन एकदम स्वच्छ. तेवढ्यात दाबाच्या घड्याळाजवळचा जोड सूं सूं करायला लागला.

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम," तिथले मॅनेजर म्हणाले. "गजानन जाईल आणि पाना मारून येईल."

गजानन तिथला फिटर. मूळचा यवतमाळचा, राहायला वारज्याला, घरी सहा महिन्यांची मुलगी. "काही नाही होत जी मॅडम, आत्ताच येतो," तो म्हणाला.

आणि मी हो म्हणाले. नियम मला पाठ होता, तरी मी हो म्हणाले.

तो दोरीखालून वाकून आत गेला. चार पावलं टाकली असतील, आणि स्क्रीनवर ठिपका उमटला. त्याच जागी दुसरा. तिसरा. मग जरासं थांबून — चौथा.

खऱ्या तड्याचा आवाज स्क्रीनवर ओबडधोबड दिसतो. हे चारही टोकदार आणि स्वच्छ होते. शिसं मोडल्यावर दिसतात तसे. खरं सांगते, मला भीती नाही वाटली, राग आला. टाकीखाली बसून कोण मूर्ख पेन्सिली मोडतोय?

"गजानन, मागे या! आधी बाहेर या! टाकीखाली कुणीतरी आहे!"

तो बाहेर आला. दोरीच्या आत माणूस असल्याची शंका असली तरी दाब सोडायचा, हा नियम मात्र मी पाळला. मॅनेजर कुरकुरत होते, पण सगळा दाब सोडला आणि मगच आम्ही जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. आणि ठिपक्याची जागा होती मागच्या बैठकीच्या कडेला, टाकी आणि बैठक यांच्या फटीत. तिथे नख जात नाही, पेन्सिल कुठून जाणार? माझी पेन्सिल बॅगेत होती आणि बॅग लॅपटॉपशेजारी.

त्या फटीलगतचा रंग खरवडून आम्ही लाल द्रव लावला. तडा असेल तर तो आत झिरपतो, आणि पुसून वर पांढरी पावडर मारली की रेघ दिसते. रेघ दिसली. वीतभर, बैठकीच्या आत शिरत गेलेली. मोजलं तर पत्र्याची बरीचशी जाडी तिने खाल्ली होती. गजाननच्या हातात अजून पाना तसाच होता.

"तुम्हाले कसं समजलं, मॅडम?" त्याने विचारलं.

त्या चार ठिपक्यांची नोंद मी याच क्षेत्रातल्या एका मैत्रिणीला पाठवली, काहीही न सांगता. तिचं उत्तर आलं, "अगं, चुकून कॅलिब्रेशनची फाईल पाठवलीस. यात नुसतं शिसं मोडलंय."

शेवटी कसब्यात सरांच्या घरी गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा गाळता गाळता ऐकलं.

"चार वेळा ना? मग हेच," त्या म्हणाल्या. "घराचं कुलूपसुद्धा चार वेळा ओढून बघायचे. तीनदा ओढायचे, जिना उतरायचे, परत वर येऊन चौथ्यांदा." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मी किती चिडायचे हो त्यांच्यावर."

तिथे मग मीही रडले.

टाकी त्याच क्षणी फुटलीच असती, असं मी म्हणणार नाही. ते चार ठिपके कुठून आले याचं कारण मला आजही माहीत नाही. बाहेरचा गोंगाट, वायरिंग, सॉफ्टवेअर... सगळं तपासून झालं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, नीट वाचेन.

तोवर मी प्रत्येक सेन्सरजवळ चार वेळा मोडते. तीन, फुंकर, चौथं. आणि चौथ्याच्या वेळी मनात म्हणते — सर, चूक माझी होती. गजानन त्या संध्याकाळी नेहमीच्या बसने घरी पोचला. थँक्यू.