पास घेऊन टाका

व्यंकटराव मास्तर पाहुण्याच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. तारनाक्याच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर सगळ्यांत पुढे. कुणाकडेही पाहुणा आला की त्यांच्या फाटकावरूनच जायचा. मास्तर त्याला थांबवायचे, पाणी द्यायचे आणि ‘जरा त्या नळापर्यंत जाऊन या’ म्हणून चालायला लावायचे. मुलगी बघायला आलेले लोकही इतकं निरखत नसतील, असं मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे.

जामबागच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, मुलांच्या सहली नेल्या. म्युझियम शुक्रवारी बंद, गोवळकोंड्याची चढण कुठे अवघड, चारमिनारपाशी सावली कधी मिळते, सगळं तोंडपाठ. ते दिवस देशात नवं वारं शिरल्याचे. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आलं, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या आणि एका ट्रॅव्हल कंपनीने शहर बघण्याचा पास काढला. एकदा घेतला की तीन दिवस त्यांच्या कुठल्याही बसमध्ये बसा, कुठेही उतरा. उदगीर, नांदेड, बिदरहून येणारा जो तो विचारायचा, घेण्यासारखा आहे का? आम्ही त्याला मास्तरांकडे धाडायचो.

बहुतेकांना मास्तर म्हणायचे, “पास नक्को. हल्लू हल्लू बघा. शहर कुठं पळून चाललंय?” क्वचित एखाद्याला मात्र, नळापर्यंत जाऊन आल्यावर, जरा थांबून म्हणायचे, “तुम्ही पास घेऊन टाका. उद्याच.”

शेजारच्या कमलाबाईंचे मामा महिनाभर राहायला आले होते. गडी खणखणीत. एवढे दिवस असताना पास कशाला? पण मास्तरांनी तेच सांगितलं. मामांनी हसत पास घेतला, तीन दिवस मनसोक्त हिंडले. आठवड्याने जेवायला बसले ते ताटावरून उठलेच नाहीत. पुढच्या दिवाळीत समोरच्या जोशींचा मेहुणा आला. तिशीचा, तालमीतला. त्यालाही “पास घेऊन टाका.” संक्रांतीच्या आत त्याच्या गावाहून तार आली.

मग गल्ली घाबरली. लोक पाहुण्यांना मागच्या बोळाने न्यायला लागले. मास्तर रिकाम्या फाटकात उभे असायचे. एकदा मी धीर करून विचारलं, “मास्तर, तुम्हाला दिसतं तरी काय?”

“काय सांगू बाई? कुणाचे पाय जमिनीवर टेकतात, कुणाचे नुसते लागतात. शाळेतली पोरं चालवत नेता नेता कधी दिसायला लागलं, कळलंच नाही. बोलू नये म्हणतो, पण ऱ्हावत नाही.”

त्या दिवसापासून मीही पाहुण्यांना मागच्या बोळाने न्यायला लागले.

मे महिन्यात माझी थोरली बहीण, आक्का, उदगीरहून आली. लवकर विधवा झालेली, दिरांच्या घरात राबून म्हातारी झालेली. स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडायची ही तिची पहिलीच वेळ. मी तिला मागच्या बोळाने आणायचं ठरवलं होतं, पण रिक्षावाल्याने नेमकं फाटकासमोरच सोडलं. मास्तरांनी पाणी दिलं. आक्का आपली हौसेने नळापर्यंत जाऊन आली. मास्तरांनी तिच्या हातातला रिकामा पेला परत घेतला. 

“पास घेऊन टाका,” ते म्हणाले. “उद्याच.”

“घे की गं, सुमे,” आक्काला काय ठाऊक? “मला ते म्युझियमातलं घड्याळ दाखव. दाढीवाला बाहुला बाहीर येऊन टोले देतोय म्हणं.”

“महिना आहे की हातात. पास कशाला? आरामात बघू,” मी म्हणाले आणि तिला ओढतच घरी आणलं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्याने एक वेडा हिशेब मांडला होता. ज्यांनी सगळं बघून संपवलं ते गेले. मग आक्काने काही बघितलंच नाही तर? तिचं बघायचं शिल्लक आहे तोवर ती राहील, असं मी धरून बसले. रोज एक सबब. आज ऊन आहे, आज शुक्रवार, आज बसला गर्दी. आक्का गॅलरीत चिंच निवडत बसायची आणि म्हणायची, “बरं, उद्या.” दोनदा मास्तर दाराशी येऊन गेले. कुणाच्या घरी न जाणारा माणूस. तिसऱ्यांदा आले ते पास घेऊनच. “बाई, मी आणलाय. आता तरी न्या.” मी तो घेतला आणि कपाटात साड्यांखाली सरकवून दिला.

विसाव्या दिवशी दुपारी चहा ठेवून मी हाक मारली. आक्का गॅलरीत तशीच बसलेली होती, मांडीत चिंचेने भरलेलं सूप. हात सुपावर होते, पण हलत नव्हते.

मास्तर दहाव्यानंतर आले. त्यांच्यावर ओरडायचं मी ठरवून ठेवलं होतं. हे सगळं तुमच्या तोंडून आलं, असं म्हणणार होते. पण ते चपला काढून उंबऱ्याशी उभे राहिले. तोंड पार उतरलेलं. मी पाट पुढे सरकवला. त्यांनी हळूच विचारलं, “बाई, आक्कांनी घड्याळ बघितलं ना?”

“हो,” मी म्हणाले. “पास होता ना तुमचा.”

“बाहुला आला बाहेर?”

“आला. बारा टोले दिले. आक्का लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती.”

मी बोलतच गेले. किती माणसं जमली होती, आक्काने माझा हात कसा धरला, परत येताना ती बसमध्ये काय म्हणाली. ते घड्याळ मी स्वतःही कधी बघितलेलं नव्हतं. मास्तर डोळे मिटून सगळं ऐकत होते. मग म्हणाले, “बरं झालं. मला तेवढीच काळजी होती.”

दोन वर्षांनी ते सिकंदराबादला लेकीकडे वारले. लेक भेटायला आली तेव्हा म्हणाली, शेवटी बाबा फार बोलत नव्हते, पण आक्कांचं ते घड्याळ बघणं पुन्हा पुन्हा सांगायचे. मी तिला चहा दिला. खरं काय ते तिलाही सांगितलं नाही.