मामंजींचा कम्युटेटर

माझ्या सासऱ्यांशी ज्याचं पटलं, तो माणूस मला एकदा बघायचाय. गल्लीत त्यांना वस्ताद म्हणतात. डीसी मोटर आणि जनरेटर दुरुस्त करण्यात हयात गेली. हात सोन्याचे, नाही कशाला म्हणू? पण तोंड! एकही मदतनीस टिकला नाही. पोटचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, बापाला कंटाळून ट्रकवर गेला. मग शिव्या खायला घरात उरलं कोण? मी.

वर्कशॉप घराच्या पुढच्याच खोलीत. कार्बनची धूळ झटकायची मी, ब्रशच्या स्प्रिंगा तपासायच्या मी, झिजलेले ब्रश बदलायचे मी. कम्युटेटरला मात्र हात लावायचा नाही. मोटरच्या फिरत्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा तो गोल. त्यावर ब्रश, म्हणजे कार्बनचे ठोकळे, टेकतात आणि वीज तिथूनच आत जाते. त्याच्यावर सगळीकडून सारखा तपकिरी रंग चढला की मोटर निरोगी. एखादी पट्टी काळी पडली की आत काहीतरी तुटलंय.

"तू फडकं मार. हे काय धुणं-भांडी आहे?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्यांनी मला काडीचंही शिकवलं नाही. मी बघून बघून शिकले.

अलीकडे ते बल्बला शिव्या घालायला लागले होते. "उजेड आहे की काय आहे हा!" मी बल्ब बदलला, मोठा लावला, तरी तेच. मोतीबिंदू हा शब्द काढला, तर पाना भिरकावला माझ्या दिशेनं. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही.

त्यातच कागद कारखान्याची मोटर दुसऱ्यांदा परत आली. तिच्यासोबत आलेला फिटर दारातच म्हणाला, "काका, या वेळी ठिणगी दिसली तर साहेब काम दुसरीकडे देणार." आमचं निम्मं घर त्या कारखान्यावर चालतं.

मामंजींनी कम्युटेटरवर नाक टेकवून पाहिलं. "झकास तपकिरी आहे. ब्रशच बेकार होते."

"मामंजी, दोन पट्ट्या काळ्या पडल्यात. आतल्या तारेचं टोक सुटलं असेल."

"आता तू मला शिकवणार? फडकं कुठाय?"

नवे ब्रश बसवले, काचकागदानं घासून त्यांना गोलाई दिली, मोटर सुरू केली. आणि कम्युटेटरभोवती हिरवट ठिणगी गरगर फिरायला लागली. फिटर दोन पावलं मागे सरला. मामंजी मात्र समोर कमरेवर हात ठेवून उभे. "बघ रे, आहे का एक तरी ठिणगी?"

फिटरनं माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन स्विच पाडला.

"बंद कुणी केली? मला विचारल्याशिवाय?"

"आग लागली असती! ठिणग्यांचं कडं फिरत होतं, मामंजी."

"खोटं बोलते ही. माझ्या धंद्यावर डोळा आहे हिचा!"

"काका," फिटर हळूच म्हणाला, "मलाही दिसलं."

मामंजी स्टुलावर बसले. गरम कम्युटेटरवर बोट फिरवलं, चटका बसला तरी फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघताच गुरगुरले, "उभी काय राहिलीस? टोक शोध, सोल्डर कर. पण खराब केलीस तर याद राख!"

इतक्या वर्षांचा संताप एकदम माझ्या तोंडाशी आला.

"खराब केली तरी तुम्हाला दिसणार आहे थोडंच?"

फिटरनं मान खाली घातली. मी शिवीची वाट पाहत होते, पान्याची वाट पाहत होते. मामंजींनी चाचपडत भिंतीवरचं सोल्डरिंग आयर्न काढलं आणि मी जिथे उभी नव्हते, तिथे पुढे केलं.