ऐकणाऱ्या दोघी

लातूरहून जळकोटला निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलेला, पिकल्या दाढीचा एक माणूस वहीतून हळू आवाजात वाचत होता. कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि शर्टाला अत्तराचा वास. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाला, "कादंबरी लिवायलोय. जरा ऐकता का?"

मग त्यानं आधी स्वतःचीच गोष्ट सांगितली. घरात आईचं, म्हणजे अव्वाचं कन्नड, शेजारी खालाची उर्दू. त्या दोघींनी मिळून वाढवलेला हा मुलगा लिहू लागला तो मात्र शाळेतल्या मराठीत. दोघींनाही ती अर्धीमुर्धीच कळायची.

"तरी रोज दुपारी दोघींना वाचून दाखवायचो," तो म्हणाला. "ज्या पानाला त्या पेंगल्या, ते पान खोटं. खोडून टाकायचं. आता दोघीबी न्हाईत. म्हणून येष्टीत बसतो."

तो वाचू लागला. बाहेर पिवळी पडलेली सोयाबीनची शेतं मागं सरकत होती. मी सकाळपासून बाजारात आडतीवर माल विकायला उभं राहून दमलेलो. त्याचा आवाज शेतांत मिसळत गेला आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तो त्या पानावर आडवी रेघ ओढत होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"थांबा," मी म्हणालो. "मला आत्ता त्या दोघी दिसल्या. लिंबाखाली एकाच बाजेवर बसल्या होत्या."

त्याचं पेन थांबलं.

"जाग्या होत्या का?" त्यानं विचारलं.