ते पाणी

आमच्या घरात पाण्याला दोन नावं होती. एक नुसतं पाणी, माठातलं, नळाचं, शेजारच्या मावशींच्या विहिरीचं. दुसरं ‘ते पाणी’. पवित्र पाणी, आशीर्वादित पाणी हे शब्द फादरांच्या तोंडी शोभायचे. घरात रोज कोण इतकं बोलणार? “बाबांच्या कपाळाला ते पाणी लाव,” “ते पाणी वर ठेव, सांडेल,” एवढंच. पाहुण्यालाही कळायचं की आल्तारावरच्या, म्हणजे देवाच्या फळीवरच्या, बाटलीबद्दल बोलणं चाललंय.

बाटली सरबताची होती, जाड काचेची. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली फळीवर ती उभी असायची, शेजारी झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेला झावळीचा वाळका क्रूस. बाबा तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळीला निघाले की आई बाटलीत बोट बुडवून त्यांच्या कपाळावर क्रूस काढायची. माझ्या परीक्षेला, वीज कडाडली की, कुणाला ताप आला की, तेच. वारा फिरून कारखान्यांचा तो आंबट वास पनवेलपर्यंत आला की ती खिडकीच्या गजांवरसुद्धा चार थेंब शिंपडायची. वास काही हटत नसे, पण आई शांत व्हायची. बाबा म्हणायचे, “कंपनीच्या चिमणीवर एक बादली ओतून येऊ का?” आई त्यांच्याशी तासभर बोलायची नाही.

आम्ही मूळचे वसईकडचे. बाबांना इथे नोकरी लागली म्हणून खाडीच्या अंगाला दोन खोल्यांत राहायला आलो. आजूबाजूला आगरी वस्ती. आमच्यासारखी ख्रिस्ती घरं गावात विखुरलेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भिंतीला भिंत लागून मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हेत, पण अडीअडचणीला नात्यातल्यांपेक्षा आधी धावायच्या. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली होती. त्या आमच्या पाण्याला तीर्थ म्हणायच्या. पहिल्यांदा आईने त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी थोडं दिलं, तर त्यांनी ते तळहातावर घेऊन सरळ पिऊन टाकलं आणि ओला हात केसांवरून फिरवला. आई बघतच राहिली. फादर पाणी आशीर्वादित करताना त्यात चिमूटभर मीठ घालायचे, त्यामुळे मावशी तोंड वाकडं करून म्हणाल्या, “खारा हाय गो तुमचा तीर्थ! खारीशी भरून आनला काय?” पाणी खाडीतून भरलं की काय, हे ऐकून आई त्या दिवशी हसली होती. तिचं ते हसणं मला नीट आठवतं, कारण पुढे ते फारसं ऐकू आलं नाही.

बाटली सहसा संपू द्यायची नाही असा आईचा नेम होता. तळाशी आली की त्यात थोडं साधं पाणी मिसळायचं, मात्र असलेल्यापेक्षा कमी. विरजणासारखंच ते. थोडं राखलं तर पुढचं लागतं. पण वर्षातून एकदा बाटली रिकामी व्हायचीच. ही तिच्या माहेरची रीत. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चर्चच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, दारातली पाण्याची भांडी कोरडी करतात, तशी घरातलीही करायची. जुनं पाणी मोरीत ओतायचं नाही, कढीपत्त्याच्या मुळाशी घालायचं. बाटली राखेने घासून उपडी ठेवायची आणि पुनरुत्थानाच्या आदल्या संध्याकाळी नवं पाणी आशीर्वादित झालं की भरून आणायची. मधले दोन-तीन दिवस घर ‘त्या पाण्या’विना. प्रभू कबरीत असताना आपल्याकडे तरी काय असणार, असं आई म्हणायची.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचं ते वर्ष. मी सातवीत होते आणि आईला सातवा महिना लागला होता. माझ्या पाठीवर बारा वर्षांनी मूल होणार म्हणून बाबा पाळण्याची कडी तपासून बसले होते. शुभ शुक्रवारी आई उन्हात क्रूसाच्या वाटेच्या मिरवणुकीत चालली. नको म्हणून सांगूनही चालली. शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याला धरून खाली बसली. मी मावशींना हाक मारली. रिक्षा दारात येईपर्यंत माझा भाऊ जन्मालाही आला.

तो रडला नाही. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज तेवढा करत होता. बाबांनी नाक्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी तपासलं, म्हणाले, याला काचेच्या पेटीत ठेवायला हवं, मुंबईला न्यायला हवं. आणि लगेच स्वतःच मान हलवली. वाटेत टिकणार नाही, असं त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. खोली ती केवढीशी, आईने सगळं ऐकलं.

आईच्या दृष्टीने आता एकच गोष्ट उरली होती. मुलाचा बाप्तिस्मा. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला देवाचं तोंड दिसत नाही, ते कायमचं उंबरठ्याबाहेर राहतं, असं तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वास होता. फादर जवळ नसले तर घरच्या माणसालाही बाप्तिस्मा देता येतो, हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईने असा एक बाप्तिस्मा दिलेला तिने पाहिला होता, आल्तारावरच्या बाटलीतून डोक्यावर पाणी घालून. शब्द तिला तोंडपाठ होते.

“पाणी,” आई म्हणाली.

मावशींनी तांब्या पुढे केला. त्यांना वाटलं, बाळंतिणीला तहान लागली. आईने तांब्या हाताने दूर सारला. पाणी तिच्या अंगावर हिंदकळलं. “हे नको, मावशी. ते पाणी!”

बाबांनी फळीकडे पाहिलं. बाटली उपडी होती, लख्ख घासलेली.

त्यांनी ती उचलली आणि सायकल काढली. देवळाच्या दारातली भांडी कोरडी, तळाशी पुसल्याच्या खुणा. फादर रसायनीकडच्या लोकांचं पापनिवेदन ऐकायला गेले होते. देऊळ सांभाळणारा माणूस संध्याकाळच्या विधीसाठी फुलं लावत होता. बाबा कमी बोलणारे. त्यांनी घरात काय घडतंय ते सांगितलंच नाही, एवढंच विचारलं, थोडं पवित्र पाणी मिळेल का? तो म्हणाला, आज कसं मिळेल, संध्याकाळी या. मग बाबा गावातल्या आपल्या लोकांची दारं ठोठावत फिरले. सगळीच भाविक माणसं. सगळ्यांनीच रीत पाळली होती. कुणाकडे थेंब नव्हता.

इकडे मावशींनी चुलीवरचं कोमट पाणी घेऊन बाळाला पुसून धुतलं. काहीतरी पुटपुटत डोक्यावरून हळू हळू ओंजळीने पाणी सोडलं, जावळाला चिकटलेलं सगळं काढलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलं. आईचं लक्ष दाराकडे होतं. “आले का गं?” ती मला विचारत होती. मी उंबऱ्यावर उभी राहून रस्त्याकडे बघत होते. घरात माठ भरलेला होता, पिंप भरलेलं होतं, मावशींच्या हातातून पाणी गळत होतं.

बाबा घामाने निथळत आले, रिकामी बाटली हातात तशीच. तोवर मावशींनी फडकं बाळाच्या तोंडावर ओढलं होतं. आई बाबांना म्हणाली, “एवढा वेळ?” पुढे कितीतरी वर्षं त्या दोघांमध्ये कसलंही भांडण झालं की या दोन शब्दांपाशी येऊन थांबायचं.

बाप्तिस्मा नाही म्हणजे देवळाच्या दफनभूमीत जागा नाही, असं बाबांनी गृहीत धरलं. कुणाला विचारलंही नाही. विचारायची लाज वाटली असणार. मावशींचे यजमान म्हणाले, आमची तान्ही पोरं जिथे पुरतो तिथे नेऊ. दोघे खाडीच्या कडेला गेले आणि चिखलाने माखलेले पाय घेऊन परत आले. त्या संध्याकाळी देवळात दिवे लागले, घंटा वाजल्या, नवं पाणी आशीर्वादित झालं. आमच्यातलं कुणी गेलं नाही. रविवारी सकाळी, बाबा ज्यांच्या दारी गेले होते त्यांतल्याच एका बाई बाटली भरून घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. “काल तुम्ही मागितलं होतं ना,” असं म्हणत त्यांनी ती हसतमुखाने माझ्या हातात दिली. मला त्या बाईंचा इतका राग आला की बाटली भिंतीवर आपटावीशी वाटली. मी ती फळीवर ठेवली.

फादर सोमवारी आले. भला माणूस, बोलायला मऊ. खुर्ची आईच्या खाटेजवळ ओढून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून म्हणाले, “बाई, देव पाण्याला बांधलेला नाही. तुमची इच्छा होती, ती त्याला पोचली. आणि बाप्तिस्म्याला आशीर्वादित पाणीच लागतं असं नाही. अडीनडीला कुठलंही पाणी चालतं. नळाचंसुद्धा.”

त्यांना वाटलं, आपण धीर दिला. आईचा चेहरा मी पाहत होते. काल-परवापर्यंत ती रीत, नशीब, सायकल, कुणालाही बोल लावू शकत होती. आता काहीच उरलं नाही.

“माठातलं?” तिने विचारलं.

“माठातलंही.”

“तांब्यातलं?”

फादरांना कळेना ती असं एकेक का विचारतेय. ते हो म्हणाले. बाळाला दफनभूमीत आणायला हवं होतं, मी जागा दिली असती, असंही म्हणाले. बाबा उठून बाहेर गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आम्हाला शाळेत वाक्यात वापरायला शिकवली होती. वर्गात ती ऐकून सगळे हसले होते. त्यानंतर कुणी सहज जरी ती बोललं तरी मला बाबा दिसायचे, उन्हात, कॅरिअरला बाटली लावून एकेक दार ठोठावताना.

त्यानंतर आई पाणी साठवू लागली. एका बाटलीच्या चार झाल्या, मग खाटेखाली गोडेतेलाचा डबा धुऊन भरून ठेवला. पवित्र आठवडा आला की ती काही ओतत नसे, रीत गेली खड्ड्यात. कुठलंही पाणी चालतं हे कळलेल्या बाईने पवित्र पाण्याचा एवढा साठा का करावा, हे मी तिला कधी विचारू शकले नाही. डब्याला आतून गंज चढला, पाणी तांबूस झालं, तरी तो हलवायची कुणाची छाती नव्हती. वस्तीत कुणी बाळंत होणार असलं की आई बाटली घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन बसायची. बिचाऱ्या बायका मानाने पाट द्यायच्या, तीर्थ म्हणून हात पुढे करायच्या. मला तिची कीव यायची आणि लाजही वाटायची.

वर्ष उलटल्यावरची एक दुपार. मावशी आमच्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या, मी अभ्यासाला. आई बाहेर आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही त्याला धुतलंत. डोक्यावर पाणी घातलंत.”

“घातला ना. पोराला धुवाला नको?”

“घालताना तुम्ही काहीतरी म्हणत होतात. काय म्हणत होतात?”

मला कळलं आई काय शोधतेय. संकटात परधर्मी माणसानेही पाणी घालून ते शब्द उच्चारले, तर बाप्तिस्मा होतो. मधल्या काळात ती फादरांकडून हेही विचारून आली होती. पण मावशींना ते शब्द कुठून ठाऊक असणार? मावशी मात्र घाबरल्या. आपल्या हातून यांच्या धर्माचं काही बिघडलं की काय, असं त्यांना वाटलं. सुपातला हात तसाच राहिला.

“रागावू नको गो बाय,” त्या म्हणाल्या. “तुमचे देवाचा कसा नाव घेतान, मना ठाव नाय. मी आमचे एकवीरा आईचा घेतला. बोललू, आई, ह्यो तुजा हाय, तूच बघ.”

मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर उठून आत जाईल. तिने मावशींचा सुकटीने माखलेला हात हातात घेतला.

“तुम्ही कुणाच्या तरी हवाली केलंत त्याला,” ती म्हणाली. “आम्ही तर नुसतं पाणीच शोधत राहिलो.”