मामांच्या डाळीतला गूळ

बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मामांच्या गमती सांगता सांगता ती पुन्हा गिळून बसेन. समोरच्या ताटाला माझ्या बायकोच्या मामांइतकं ओळखणारा माणूस अख्ख्या तलासरी तालुक्यात नसेल, आणि त्याच माणसाला मी चार महिने डाळीतून चोरून गूळ खाऊ घातला. मामांना मधुमेह आहे.

झरीच्या शाळेत विज्ञान शिकवून मामा निवृत्त झाले. मामी गेल्यावर आमच्या खानावळीमागच्या खोलीत राहायला आले, ते कपड्यांच्या दोन पिशव्या आणि सोनाराकडे असतो तसला एक चिमुकला वजनकाटा घेऊन. त्या दिवसापासून काट्यावर चढल्याशिवाय एकही भाकरी त्यांच्या तोंडात गेली नाही. भाकरी नागलीची असेल तर आकडा वहीत मांडताना चेहरा जरा सैल पडायचा, कारण नागलीत कॅल्शियम भरपूर, हाडं मजबूत राहतात. चिकू अर्धाच खायचे, उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, "हा तुमच्या नावावर." पंगतीला नवा माणूस बसला की त्याला पाठ द्यायचे : पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमात चार कॅलरी, प्रथिनांच्या एका ग्रॅमात चार, तेल-तुपाच्या एका ग्रॅमात नऊ. एकदा खडी फोडायला जाणारा एक गडी ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तर, मग आम्हाला ते नऊवालं जास्त वाढायला सांगा की." मला वाटलं, आता भाषण. पण मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "वाढा जावई. त्याची भट्टी पेटलेली आहे. पथ्य विझत आलेल्यांनी पाळायचं."

मामांना बाहेर नेणं हे धाडसाचं काम. चिंचणीला सुकी मासळी घ्यायला गेलो तर एकेक बोंबील उचलून त्यात प्रथिनं किती, मीठ किती, याचा विचार करत उभे. मासळीवाली कंटाळून म्हणाली, "मास्तर, बोंबील नेताव का त्याचं बारसं करताव?" अच्छाडच्या ढाब्यावर शेजारच्या ट्रकवाल्याच्या थाळीत वाकून यांनी विचारलं, ह्या भाजीत तेलाचे चमचे किती? तो शांतपणे म्हणाला, "मास्टरजी, हम टंकी नापते नहीं, फुल करते हैं." मामांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. गुळाला औषध म्हणणारा कोणी भेटला की मात्र हसणं बंद. "गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ," ते म्हणायचे. "धोतर नेसून आला म्हणून सात्त्विक होत नाही."

आता माझं. आमच्याकडे डाळीची दोन पातेली असतात. गुजराती गिऱ्हाइकांसाठी गूळ घातलेलं मोठं, आणि मामांसाठी बिनगुळाचं लहान. एका दुपारी घाईत मी मोठ्या पातेल्यातली वाटी मामांपुढे ठेवली. चूक लक्षात आली तोवर वाटी रिकामी होती. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वाटी पुसून घेतली होती. म्हणाले, "जावई, आज जेवल्यासारखं वाटलं." तेव्हाच बोललो असतो तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून लहान पातेल्यात पेढ्याएवढा गुळाचा खडा पडू लागला, दोन्ही वेळा. गोडी झाकायला मी आमसुलं वाढवली. मामांनी एकदा जीभ टाळ्याला लावून विचारलं, "आमसूल बदललंत?" मी हो म्हटलं. माया होती हे खरं, पण हाताला मिळालेली शाबासकी सोडवत नव्हती हे त्याहून खरं.

मामांची साखर चढू लागली. वही नीट, आकडे नीट, पण रक्त ऐकेना. मामा रोज पुन्हा बेरीज करायचे. भाकरी अर्ध्यावर आली, चिकू बंद झाला, आणि सगळं सोडून एक डाळ तेवढी ते निर्धास्त खायचे. शेवटी डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती नवी पट्टी पाहिली आणि माझं धाबं दणाणलं. त्याच संध्याकाळी मी गूळ बंद केला. वाटलं, सुटलो.

गोळी त्या गुळाच्या हिशेबाने वाढली होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मामा टेबलाशी आले, भाकरीचा तुकडा काट्यावर ठेवला आणि बघतच राहिले. काटा खडखडत होता, कारण त्यावरचा हात थरथरत होता. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. "जावई, हा आकडा वाचा हो, मला दिसत नाही," म्हणाले, आणि मग मला मामीच्या नावाने हाक मारली. साखर उतरली की काय होतं ते मामांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी मूठभर साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. घोट घेण्याआधी त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "किती ग्रॅम?"

"पंधरा," मी म्हणालो. तेही खोटंच होतं.

दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांना धरून बसलो होतो तेव्हा ठरवलं होतं, डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टरांनी विचारलंही, "जेवणात काही बदल झाला का?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. बायको माझ्या शेजारी. मी पायथ्याची चादर नीट करू लागलो. तेवढ्यात मामा उशीवरूनच म्हणाले, "यांच्याकडून चूक होणार नाही, साहेब. मोजायला मीच चुकलो असेन." डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मामा आता ठणठणीत आहेत. पण घरी आल्यावर त्यांनी तो काटा मला मसाले जोखायला देऊन टाकला. "आकडे आता हातात राहत नाहीत," म्हणाले. पंगतीतला पाठ बंद झाला. नवा माणूस भाजीवर तेलाची अख्खी पळी ओतून घेतो, मामा नुसते बघतात. जेवायला बसले की ताटाकडे न बघता माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "जावई, आज मी काय खाऊ?" मी सांगेन ते खातात, अगदी मुकाट्याने. दिवसातून दोनदा हे ऐकतो आणि दोनदा गप्प राहतो.

मामा मोजायला चुकले नव्हते. फसवलं मी. हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी त्यांना लागतो, आणि ते अजून सांगितलेलं नाही.